कीबोर्डचे स्विच भरून ठेवू नका

मागच्या व्हिडिओनंतर अकोल्याच्या एका पोट्ट्याचा फोन आला. "सर, मेकॅनिकल कीबोर्डच्या पार्ट्सचं दुकान टाकतो. पन्नास हजारांचे स्विच अन् कीकॅप मागवून ठेवतो." मी म्हटलं, थांब भाऊ, ही चूक मी अमरावतीत करून बसलोय.

मी साडेअठरा हजारांचे स्विच भरले होते. चेरीच्या एमएक्स स्विचचं पेटंट संपल्यावर गेटरॉन, कैल, आउटेमू अशा कंपन्यांनी त्याच घडणीचे स्विच काढले. मला वाटलं, कोणताही कुठंही बसतो. पण माझ्या गिऱ्हाइकांजवळ होते स्वस्तातले हॉट-स्वॅप बोर्ड, अन् त्यातल्या बऱ्याच बोर्डांचे सॉकेट फक्त आउटेमूच्या बारीक पिना घेणारे. माझे स्विच आत जाईनात. पाच पिनांच्या स्विचचे दोन प्लास्टिकचे पाय नेलकटरने कापून तो तीन पिनांच्या बोर्डात बसवता येतो, पण धातूची पिन जाड असली तर काय कापणार? काहींचे स्विच सोल्डर केलेले, काहींचे ऑप्टिकल. माल अजून कपाटात आहे.

पैसा सुटला तो कामातून. एक डीटीपीवाले काका खरखरणारा कीबोर्ड घेऊन आले. "नवा कायले घेऊ? हाच नीट करून दे." 87 स्विच. एक उघडायचा, दांड्याला अन् स्प्रिंगला ब्रशने ग्रीस लावायचं, बंद करायचा. दोन मिनिटं धरा. तीन तास तिथंच गेले, काढणं-बसवणं धरून चार. मी घेतले 300 रुपये, म्हणजे तासाला 75! ग्रीसचा खर्च वेगळाच. आता 800 घेतो. "तेल तर लावायचं आहे" म्हणून काही जण परत जातात. जाऊ द्या.

माल म्हणून मी आता फक्त नमुने ठेवतो. रेड सरळ खाली जातो, ब्राउनला मधे हलकी ठेच लागते, ब्लू टिकटिक वाजतो. गिऱ्हाइकाला दाबून पाहू द्या, त्याच्या बोर्डाचं सॉकेट स्वतः उघडून तपासा, अॅडव्हान्स घ्या, मगच मागवा. राज्य परीक्षा परिषदेची टायपिंग परीक्षा मशीनवरून संगणकावर आली, तरी जुन्या क्लासवाल्या सरांना ब्लूच आवडतो. एका खोलीत वीस ब्लू वाजले की काय होतं, हे मात्र त्यांना आधी सांगा. अन् ब्लूला सरसकट ग्रीस फासू नका, टिकटिक मरते.

ग्रुप बाय तर करूच नका, हे माझं ठाम मत. पन्नास जणांचे पैसे आधी तुमच्या खात्यात, अन् माल कित्येक महिन्यांनी. मोठ्या शहरात चालत असेल. आपल्याकडे तेच पन्नास जण रोज चौकात भेटतात.

त्या पोट्ट्याला सांगितलं, सध्या पुलर, स्विच ओपनर, ब्रश अन् ग्रीसची एक डबी, एवढंच घे. पहिला कीबोर्ड स्वतःचाच खोल. घड्याळ लाव. चार तास लागतात की सहा, ते मला सांग, मग तुझा रेट ठरवू.