किलोची व्याख्या आणि सुलतानपूरचा काटा

२० मे १८७५ रोजी पॅरिस येथे सतरा राष्ट्रांनी मीटर-करारावर सह्या केल्या. २० मे २०१९ रोजी किलोग्रॅमची नवी व्याख्या अमलात आली. त्यापूर्वी १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसनजीक सेव्र येथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियम या मिश्रधातूचा एक लहानसा दंडगोल होता. मात्र शंभर वर्षांत तो आणि त्याच्या अधिकृत प्रतिकृती यांच्या वजनांत सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडल्याचे आढळले. ज्या मापाने सर्वांना मोजायचे तेच ढळू लागले, तर दाद मागायची कोणाकडे? म्हणून शास्त्रज्ञांनी किलोग्रॅमची सांगड निसर्गातील एका अढळ राशीशी, प्लांकच्या स्थिरांकाशी, घातली.

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरच्या शेतकऱ्याला या सूक्ष्म वादाचे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, सोयाबीनचे पोते ज्या क्षणी तो काट्यावर ठेवतो, त्या क्षणी त्याच्या वर्षभराच्या कष्टांचे मोल याच व्याख्येवर अवलंबून असते.

पायली, शेर, मण, खंडी ही मापे वऱ्हाडच्या अंगवळणी पडलेली होती. परंतु एका गावची पायली दुसऱ्या गावी जुळेलच असे नव्हते, आणि या गोंधळाचा लाभ घेणाऱ्याच्या पदरी पडे, विकणाऱ्याच्या नव्हे. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३.१ ग्रॅम, हे तेव्हा कोष्टके छापून लोकांना शिकवावे लागले. पुढे २००९ चा वैधमापनशास्त्र अधिनियम आला आणि तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. मालाचा भाव तोंडी सांगायचा तरी तो प्रमाणित एककातच सांगावा, असे हा कायदा म्हणतो. तरीही कापसाच्या रुईचा व्यापार सुमारे ३५६ किलोंच्या खंडीवर चालतो, आणि सातबारावर हेक्टर-आर असले तरी बोलण्यात एकर-गुंठे टिकून आहेत. या सवयींचा आम्हांस राग नाही. आमची चिंता निराळी आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील प्रमाणाशी संदर्भ-प्रमाणे पडताळली जातात, त्यांच्याशी राज्याची दुय्यम प्रमाणे, त्यांच्याशी निरीक्षकाजवळची कार्यकारी प्रमाणे, आणि शेवटी बाजारातला काटा. ही साखळी बहुधा प्रयोगशाळेत तुटत नाही. ती तुटलीच तर शेवटच्या कडीशी. जुन्या तराजूची दोन्ही पारडी विकणाऱ्याला दिसत. आजच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर केवळ आकडे उजळतात, आणि उजळलेला आकडा खराच असणार असे आपण धरून चालतो. काटा शंभरात एकाने चुकला, तर वीस क्विंटलमागे वीस किलो माल हातचा जातो. त्यावर पुन्हा ‘कडता’ कापला गेला, तर प्लांकचा स्थिरांक बिचारा काय करणार?

इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी पडताळणी व्हावी, असा नियम आहे. निरीक्षक रोज प्रत्येक गावी पोहोचू शकत नाही, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच प्रत्येक बाजार-आवारात शिक्का मारलेली प्रमाणित वजने उघड्यावर ठेवावीत आणि कोणाही विक्रेत्याला ती काट्यावर ठेवून पाहण्याची मुभा असावी. पडताळणीच्या प्रमाणपत्रावरील तारीख दर्शनी भागी मोठ्या मराठी अक्षरांत लावावी. शाळांनीही मुलांना किलोग्रॅमची व्याख्या पाठ करवून न थांबता, एकदा तरी गावचा काटा तपासून दाखवावा. यास खर्च थोडा, पण इच्छा हवी.

व्याख्या कितीही अचूक असली तरी ती राजपत्रात राहून न्याय देत नाही. पॅरिसचा किलो आणि सुलतानपूरचा किलो एकच आहे, हे तेथील शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले पाहिजे. ते जोवर होत नाही, तोवर मापाचा कायदा पुरता अमलात आला असे आम्ही म्हणणार नाही.