कर्ता लपवणारे क्रियापद

कॅनडाच्या वेस्टर्न हॉकी लीगमधील एका कनिष्ठ आइस हॉकी संघाची वंशावळ अशी मांडली जाते : एडमंटन आइस (१९९६), कूटनी आइस (१९९८), विनिपेग आइस (२०१९), वेनॅची वाइल्ड (२०२३). चार नावे, त्यांच्यामध्ये तीन बाण आणि प्रत्येक बाणाचा अर्थ एकच, 'संघ स्थलांतरित झाला'. या वाक्याला माझा आक्षेप आहे आणि तो प्रथम व्याकरणाचा आहे.

पक्षी स्थलांतर करतात. दुष्काळात माणसे करतात. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांचा संघ आपणहून उठून चालू लागत नाही. त्याला कोणीतरी नेतो, आणि नेणाऱ्याचे नाव 'झाला' या क्रियापदाने वाक्यातून अलगद पुसले जाते. हा इतिहास मराठीत सांगू पाहणाऱ्याच्या हाताशीही तोच शब्द आधी येतो, म्हणून हा खटाटोप.

एड चिनोवेथ या लीगचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. त्यांनी एडमंटनमध्ये संघ काढला आणि दोनच हंगामांनी तो ब्रिटिश कोलंबियाच्या आग्नेय कोपऱ्यातील, जेमतेम वीस हजार वस्तीच्या क्रॅनब्रूकला नेला. म्हणजे क्रॅनब्रूकलाही संघ मिळाला तो दुसऱ्या गावाकडून उचलूनच. हे विसरून गळा काढण्यात अर्थ नाही. पण पुढे जे घडले ते गावाने घडवले. बाहेरगावची खेळाडू मुले हिवाळाभर इथल्या कुटुंबांत राहिली, जेवली, शाळेत गेली. २०००, २००२ आणि २०११ अशी तीन लीग-विजेतेपदे आली. पैकी २०११चा चषक खुद्द चिनोवेथ यांच्या नावाचा होता. २००२ साली ग्वेल्फ येथे व्हिक्टोरियाव्हिलला ६-३ असे हरवून संघाने मेमोरियल कपही जिंकला. कॅनडात कनिष्ठ हॉकीत याहून वर काही नाही. जॅरेट स्टोल, सॅम राइनहार्ट इथेच वाढले.

२०१७ साली चिनोवेथ कुटुंबाने संघ विकला. जानेवारी २०१९ मध्ये, ऐन हंगामात, नव्या मालकांनी विनिपेगला जाण्याची घोषणा केली. प्रेक्षक घटले होते, हे खरेच. गाव लहान, हिशेब जुळत नाही, हा युक्तिवादही मी खोटा म्हणत नाही. परंतु मग क्रॅनब्रूकचे चार हजारांवर आसनांचे सभागृह सोडून विनिपेगमध्ये विद्यापीठाच्या आवारातील, त्याच्या निम्म्याहूनही लहान बर्फमैदानावर चार हंगाम का काढले? तेही जेट्स आणि मूस हे दोन व्यावसायिक संघ आधीच असलेल्या शहरात? नवे सभागृह बांधण्याचे आश्वासन होते. ते बांधले गेले नाही. संघ मात्र उत्तम होता : २०२१-२२ व २०२२-२३ या दोन्ही साखळी हंगामांत अव्वल, आणि २०२३ मध्ये अंतिम फेरीपर्यंत. त्याच उन्हाळ्यात तो विकला जाऊन अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅचीला गेला. तेव्हा 'बाजारपेठ' हे कारण म्हणून पुढे केले जाते, त्याची तपासणी इतिहासकाराने करायची की फक्त नक्कल उतरवून घ्यायची?

नावांकडेही पाहावे. 'कूटनी' हा शब्द तिथल्या क्टुनाहा लोकांच्या नावावरून आलेला. तो २०१९ मध्येच गळाला. 'आइस' तेवढे उरले होते, तेही २०२३ मध्ये गेले, कारण 'वाइल्ड' हे वेनॅचीच्या आधीच्या, दुसऱ्या लीगमधील संघाचे नाव होते. गाव बदलले, नाव बदलले, मालक बदलले, मुले तर दर तीन-चार वर्षांनी बदलतातच. अखंड राहिले ते लीगमध्ये खेळण्याचे हक्कपत्र. आणि आपण ज्याला संघाचा इतिहास म्हणतो तो या कागदाचा इतिहास आहे. (आपल्याकडे नियतकालिकांचे इतिहास मालक-संपादकांच्या यादीवर लिहिले जातात आणि वाचक पार्श्वभूमीला ढकलला जातो, त्याची इथे आठवण व्हावी.)

त्या कागदाच्या न्यायाने २००२चा मेमोरियल कप आज वेनॅचीच्या पूर्वेतिहासात जमा होतो. क्रॅनब्रूकच्या त्याच सभागृहात २०२०ला स्थापन झालेला क्रॅनब्रूक बक्स हा निराळ्या लीगचा संघ खेळतो. वंशावळीत त्याचे आणि २००२चे काही नाते नाही. २००२चा तो सामना ज्यांनी जागून पाहिला असेल, त्यांतले कोणी आज त्याच खुर्च्यांवर बसत असतील, तर वंशावळीत त्यांची नोंद कोणत्या नावाखाली होते?