बाजाराची वाट

इ. स. 622 मध्ये मक्केतील छळापायी घरदार व मिळकत मागे टाकून जे मुहाजिर यस्रिब नगरीत, म्हणजे पुढच्या मदिनेत, येऊन पोहोचले, त्यांच्या निर्वाहाचा प्रश्न पैगंबर मुहंमदांनी केवळ खैरातीवर न सोपविता स्थानिक मुसलमानांशी, म्हणजे अन्सारांशी, त्यांचे बंधुत्व जोडून सोडविला, ही गोष्ट आम्हांस रणांगणावरील विजयांहून थोर वाटते. सअद बिन रबी या सधन मदिनावासी गृहस्थाने अब्दुर्रहमान बिन औफ या मुहाजिरापुढे आपली निम्मी मालमत्ता ठेवली, तेव्हा पाहुण्याने दुवा दिला आणि बाजाराची वाट तेवढी विचारली. परतला तो नफ्यातले सुकविलेले दही नि तूप घेऊनच! (देणाऱ्याचे औदार्य सर्वांस दिसते, घेणाऱ्याची ही भीड क्वचितच कोणी नमूद करतो.) पैगंबरांनी मदिनेत उभारलेल्या मशिदीची जागा सहल व सुहैल या पोरक्या भावांची होती, आणि ते ती विनामूल्य देत असताही तिची रीतसर किंमत ठरविण्यात आली. यहुदी टोळ्यांस स्वधर्मपालनाची मुभा देणारा करारनामाही झाला. तो सलोखा मात्र फार काळ टिकला नाही. बाजाराची वाट विचारणारा तो निर्वासित पुढे मदिनेच्या धनाढ्य व्यापाऱ्यांत गणला गेला.