शून्य म्हणजे पास!

मंडळी, आयुष्यभर पेपर तपासले. शून्य म्हणजे नापास एवढंच ठाऊक. संगणकाकडे मात्र शून्य म्हणजे काम फत्ते! प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो, तो एक्झिट कोड.

पुतण्याने माझे फोटो दुसऱ्या डिस्कवर न्यायला प्रोग्रॅम लिहून दिला. जितक्या फायली चुकतील तितका आकडा. शून्य आला तरच मूळ फोटो पुसायचे. त्याच्या विंडोजवर सगळं ठीक. माझ्या लिनक्सवर डिस्क भरली, नेमके 256 फोटो राहिले, आणि आकडा आला शून्य! लिनक्स 0 ते 255 एवढेच आकडे पुढे कळवतं. 256 चं होतं शून्य. हिच्या शेवटच्या वर्षातले फोटो गेले ते गेलेच.

"काका, प्रत्येक सिस्टीमचे नियम वेगळे," म्हणे. अरे, म्हणूनच तर! व्हीएमएसवर विषम आकडा म्हणजे यश, सम म्हणजे गडबड. यासाठीच 1989 च्या सी भाषेच्या प्रमाणकात 'एक्झिट सक्सेस' आणि 'एक्झिट फेल्युअर' ही नावं आहेत. तीच वापरा ना! चुका किती नि कुठल्या, ते संदेशात लिहा. प्रगतिपुस्तकात गुण वेगळे आणि पास-नापासचा शेरा वेगळा, हे चौथीतल्या पोरालाही कळतं.

असो.