मका भरडायचा की अख्खाच घालायचा?

मंडळी, मूठभर शेण चाळणीत घ्या न् वरून पाणी सोडा. गाईला अख्खा मका घालत असाल तर दाणे चाळणीतच दिसतील. विकतचा दाणा उकिरड्यावर चाललाय!

म्हणून गाईला भरडाच, हे माझं मत. समजा मका २४ रुपये किलो आणि भरडाई २ रुपये. क्विंटलला २०० रुपये जातात. साडेआठ किलो दाणा शेणात जायचा वाचला की पैसे वसूल.

पण पीठ करू नका. बारीक पिठानं पोटात आम्ल वाढतं, रवंथ कमी होतो, फॅट उतरते. दाण्याचे चार-सहा तुकडे झाले तरी बास. शेळ्यामेंढ्यांना तर तेही नको, त्या दाणा चावूनच खातात.

दोन-चार गाईंसाठी घरची चक्की मला तरी परवडत नाही. मंचर, नारायणगावला बाजाराला जाताना भरडून आणायचं. मात्र पावसाळ्यात आठवड्यापुरतंच. भरडा लवकर ओल धरतो. मागच्या श्रावणात माझं अख्खं पोतं बुरशीनं गेलं. तसलं खाऊ घातलं तर बुरशीचं विष दुधात उतरतं, म्हणून खड्ड्यात पुरलं.

ओतूर, घोडेगावकडं भरडाई काय चाललीय? सांगा.