नऊ नंबरची जागा

— जयेंद्रगंजकर

‘हालांड गोल मारतो, पण बाकीचा वेळ करतो काय?’ रात्री जागून सामने बघणारी ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातली पोरं हल्ली या प्रश्नावर हमरीतुमरीवर येतात. प्रश्न अगदीच वावगा नाही. ऑगस्ट २०२२मध्ये बोर्नमथविरुद्ध हा गडी जवळजवळ सव्वा तास मैदानात होता आणि चेंडूला त्याचा स्पर्श झाला अवघा आठ वेळा. तरी मँचेस्टर सिटी ४-० जिंकली, आणि त्यातल्या एका गोलाचा पास त्याचाच होता.

उरलेला वेळ तो काय करतो, हे बघायची सवय लागली की स्ट्रायकर कळू लागतो. तो दोन सेंटर बॅकच्या मधल्या फटीत घुटमळतो, त्यातल्या एकाच्या पाठीशी. म्हणजे त्या बिचाऱ्याला चेंडू आणि हा, दोन्ही एका नजरेत दिसू नयेत. पास सुटतो त्याच क्षणी तो ऑफसाइडची रेघ सांभाळून निसटतो. बहुतेक वेळा चेंडू येतच नाही. पुन्हा मागे यायचं, पुन्हा तितक्याच जोरानं धावायचं. शिवाय आता चेंडू हातचा गेला की समोरच्या बॅकला आणि गोलकीपरला घाई करायचं कामही पहिलं त्याचंच. कमरेवर हात ठेवून उभा राहणारा फॉरवर्ड आजच्या फुटबॉलमध्ये फार दिवस टिकत नाही.

फ्रान्सनं २०१८चा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांच्या नऊ नंबरच्या जिरूचा एकही फटका स्पर्धाभर गोलकीपरची परीक्षा घेऊ शकला नाही. लोक हसले. मला तो त्या संघातला फार मोलाचा खेळाडू वाटला. पाठीवर बचावपटूचं ओझं घेऊन लांबचे चेंडू तो अडवत राहिला, म्हणूनच एम्बापे आणि ग्रिझमान यांना पळायला मोकळं रान मिळालं.

ग्वाल्हेरच्या माणसाला याचं नवल वाटायला नको. ज्यांच्या नावाचं स्टेडियम आपल्याकडे आहे (बाहेरच्यांना ते सचिनच्या २०१०च्या द्विशतकामुळेच ठाऊक, ते असो), ते कॅप्टन रूपसिंग हॉकीत इनसाइड लेफ्ट खेळत. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारतानं अमेरिकेला २४-१ असं धुतलं, त्यात दहा गोल रूपसिंगांचे आणि आठ सेंटर फॉरवर्ड ध्यानचंदांचे. एकाला धरावं तर दुसरा सुटतो, अशी ती जोडी होती.

फुटबॉलमध्ये आपल्याकडे असं काही घडलंच नाही, असं नाही. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. तीन गोल मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणाऱ्या गोवेकर नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानंच मारला. सामना १-४ गेला, पण चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोलांच्या मानात तो वाटेकरी होता. भारत चौथा आला.

मग पुढं काय झालं? आज इंडियन सुपर लीगमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकतात. त्यातला एक बहुधा आघाडीलाच असतो. क्लबचं गणितही समजण्यासारखं आहे: गोल आजच हवेत, आणि गोव्याला कोरो मिळाला तसा तयार माणूस बाहेरून आणता येतो. पण त्याची किंमत कोण मोजतं? २०१७-१८च्या हंगामात बंगळुरूसाठी मधे परदेशी मिकू आणि कडेला खुद्द सुनील छेत्री. कडेनं खेळूनही त्यानं १४ गोल केले, मिकूपेक्षा फक्त एक कमी. छेत्रीला ते जमलं. सगळ्यांना कसं जमावं? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला होता. क्लब फुटबॉलमध्ये त्याच्या वाट्याला मुख्यतः विंग आली. विंगवर वेग वाढतो, क्रॉस सुधारतात. पण बॉक्समध्ये अर्ध्या सेकंदात काय करायचं, ते तिथेच शंभरदा चुकल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. तिथे चुकायची मुभाच आपण आपल्या पोरांना दिलेली नाही. एखाद्या प्रशिक्षकानं विशीतल्या मुलाला सलग दहा सामने मधे खेळवावं आणि त्यानं सोपे गोल हुकवले तरी बाकावर बसवू नये, एवढंच माझं मागणं आहे. तोंडानं सगळे हो म्हणतात. दोन सामने हरले की परदेशी माणूस सरावाला सुरुवात करतो.

२०२४ सालभरात भारतीय संघाला एकही सामना जिंकता आला नाही. मार्च २०२५मध्ये मालदीवशी खेळायचं होतं, तेव्हा निवृत्त झालेल्या, चाळीस वर्षांच्या छेत्रीलाच परत आणावं लागलं. सामना ३-० असा जिंकला. एक गोल त्याचा होता.