कासवाला अंगण हवे

देवळातले दगडी कासव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. शिवालयात नंदीच्या आसपास ते बसलेले असते. इंद्रिये आवरून आत जा, हे त्याचे सांगणे. पण हल्ली आपल्याला दगडाचे कासव पुरत नाही, जिवंत हवे असते. ते घरात असले की लक्ष्मी नांदते म्हणे!

सुरतेला अडाजण भागात माझे एक आप्त पाचव्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे कुणीतरी लिंबाएवढे पिल्लू आणून दिले. पाठीवर पिवळ्या चांदण्या. आपले देशी स्टार कासव. पोळीचे तुकडे खाऊन, फरशीवर फिरून ते वाढले. परवा फोनवर त्यांनी विचारले, "आता मोठं झालंय, बाल्कनीत ठेवलं तर चालेल ना?"

प्रश्न प्रेमाचाच होता. पण बाल्कनी म्हणजे अंगण नव्हे. हा गुजरात-राजस्थानच्या गवताळ, काटेरी माळांवरचा जीव. त्याला गवत-पाला हवा, कवच घट्ट व्हायला कॅल्शियम हवे आणि ते अंगी लागायला ऊन हवे. काचेतून आलेले ऊन त्या कामाचे नाही. हे मिळाले नाही तर कवच मऊ पडते. चुकीच्या आहाराने आणि कोरड्या हवेने पाठीवर टेंगळे येतात, ती पुढे जात नाहीत. पावसाळ्यात ओल्या, गार फरशीवर राहिले तर छातीचा आजार होतो. आणि हे सारे सांभाळायचे किती वर्षे? कासव कित्येक दशके जगते. आपली हौस तेवढी टिकते का?

शिवाय हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२च्या दुरुस्तीने स्टार कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, आणि अशा गुन्ह्याला किमान ३ वर्षांची कैद आहे. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. लिंबाएवढे पिल्लू कुणाच्या घरी पोहोचते तेव्हा कुठल्यातरी माळावरून ते उचललेले असण्याचीच शक्यता अधिक.

"मग झुडपात सोडून देऊ?" आप्तांचा पुढचा प्रश्न. तेही नको. माणसांत वाढलेले कासव रोग घेऊन रानात जाऊ शकते, आणि परक्या माळावर ते तगेलच असे नाही. त्याला वनखात्याच्या स्वाधीन करावे, हेच मी सांगितले. त्यांना ते रुचले नाही. लेकरासारखे वाढवले हो, म्हणाले. मला ते पटते. तरीही माझे मत बदलत नाही.

आपल्या गोव्यात मोरजी-गालजीबागच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालायला येतात. तिथे माणसे घरट्यांची राखण करतात, आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना समुद्राकडे जाऊ देतात. कुणी त्यांना घरी नेत नाही. राखायचे ते सोडून देण्यासाठी. कासवावर प्रेम करायची ही रीत मला अधिक सुसंस्कृत वाटते. तुम्हांला काय वाटते?